चौतीस नंबरचे रिकामे हात

शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५. नोव्हाय, मिशिगन. सकाळी धुकं. कढीपत्त्याची कुंडी घरात घेतली. संध्याकाळी यशोधनच्या शाळेच्या टीमची अमेरिकन फुटबॉलची मॅच. सात गुणांनी हरले. ३४ नंबरच्या पोराकडे बॉल एकवीस वेळा, दर वेळी गर्दीच्या मधूनच. पास फक्त पाच.

स्टँडमध्ये शेजारी बसलेल्या शरयूने सुलेखाबाईंच्या डायरीतल्या या पानाचा फोटो काढला. टीममधला तिचा मुलगा नकुल पासची वाट बघत कडेला उभा राहून कंटाळला होता.

"काकू, तुमचा मुलगा कोच आहे म्हणून गप्प बसते, पण एकवीस वेळा तेच? माझा मिक्सरसुद्धा स्पीड बदलतो यार."

"लहानपणी रोज वरणभातच मागायचा," सुलेखाबाई म्हणाल्या. "खेळवतोही तसाच."

रविवार उजाडेपर्यंत तो फोटो पालकांच्या तक्रारीला जोडला गेला. कोचला सीझनच्या मध्येच काढायचं का, हे सोमवारच्या बैठकीत ठरणार होतं. पुरावा काय, तर खुद्द त्याच्या आईची डायरी.

दुपारी यशोधन लॅपटॉप घेऊन आला. तो चिडलेला नव्हता, हेच त्यांना जड गेलं.

"आई, एकवीस?"

"मी खोटं लिहीत नाही." नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं होतं, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. साठ वर्षं त्या तसंच लिहीत आल्या होत्या.

"ओके. मग मोज."

व्हिडिओचा आवाज बंद होता. चौतीस नंबर पोटाशी हात आवळून गर्दीत घुसला आणि पाच जण त्याच्यावर कोसळले. यशोधनने चित्र मागे नेलं, थांबवलं. पोराच्या हातांत काहीच नव्हतं. बॉल चाल सुरू करणाऱ्या क्वार्टरबॅकने मांडीमागे दडवला होता. बॉल घेऊन क्वार्टरबॅक कडेने निघून गेला. मॅचच्या वेळी सुलेखाबाई तोवर मान खाली घालून नोंद करत होत्या. ढिगाखाली चौतीस नंबर, नसलेलं काहीतरी उराशी धरून पडला होता.

एकवीसपैकी सात वेळा असंच होतं.

"हीच माझी फिलॉसॉफी," यशोधन म्हणाला. "सेम थिंग, पुन्हा पुन्हा. मग माणूस बघायचं थांबतो, आणि जे नाही तेच त्याला दिसतं. डिफेन्सचे पाच फसले. सहावी तू."

"त्या पोराला कळतं का, बॉल नाही ते?"

"कळतं. पण आहे असंच समजून पळ, असं मी सांगितलंय. कधी कधी उठल्यावर तोच मला विचारतो, कोच, होता का?"

तो गेल्यावर त्या मागची पानं चाळू लागल्या, आणखी कुठे चुकलंय ते बघायला. बुधवार, १९ मार्चपाशी बोट थांबलं. 'साडेपाचला हे फिरून आले. कॉफी दिली.'

दिगंबरराव जानेवारीत गेले होते.

एप्रिलमध्ये दोनदा. जूनमध्ये चारदा. अक्षर सुलेखाबाईंचंच, सरळ, कुठे खाडाखोड नाही. लिहिल्याचं मात्र आठवत नव्हतं. आठवत होता तो फक्त गॅरेजच्या दाराचा आवाज. शेवटची नोंद गेल्या गुरुवारची होती.

घड्याळात पाच पंचवीस झाले होते. त्या बसून राहिल्या. पाच मिनिटांनी गॅरेजचं दार वाजलं. या वेळी त्या उठल्या आणि गॅरेजमध्ये डोकावल्या. शटर खाली होतं. गाडीचं बॉनेट थंडगार.

सोमवारी बैठकीत त्या उभ्या राहिल्या. "माझा आकडा चुकीचा आहे. सात वेळा मी पाहिलंच नाही, तरी लिहिलं."

"काकू, मुलासाठी म्हणताय," शरयू हळूच म्हणाली. "आईच ना तुम्ही."

सुलेखाबाईंनी मार्चचं पान उघडून तिच्यापुढे धरलं. "वाच. मग सांग, या बाईच्या शब्दावर कुणाची नोकरी घालवायची का."

शरयूने वाचलं. जानेवारीत दिगंबररावांच्या फ्युनरलला तीच त्यांचा हात धरून उभी होती. तिने वर पाहिलं, पण सुलेखाबाईंकडे नाही; त्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे. मग तिने तो फोटो तक्रारीतून काढून घेतला. पुराव्यावाचून तक्रार टिकली नाही. यशोधनला सीझन पुरा करायला मिळाला.

तो त्या संध्याकाळी आईकडेच जेवला. तो गेल्यावर त्यांनी डायरी उघडली, क्षणभर थांबून ओट्याकडे नीट पाहून घेतलं आणि लिहिलं: पोळ्या सहा केल्या. दोन उरल्या.