मदत निघाली असेल

वहिनीचा फोन आला तेव्हा मी कळवणच्या शाळेत आठवीच्या वर्गावर होते. "ताई, हे गेले," एवढंच ती म्हणाली. दादा गेला. मी फळ्यावरचं अर्धं गणित पुरं केलं आणि मग पर्स उचलली. का केलं, ते आजही सांगता येत नाही...

नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत पहिला कॉम्प्युटर दादाकडे आला. मामांनी आखातातून आणलेला, टीव्हीला जोडायचा. त्यावर लढाईचा एक खेळ होता, तो कॅसेटवरून भरावा लागे. टेप लावली की असा कर्कश आवाज यायचा, की आई कानांत बोटं घालायची. दादा मात्र मान तिरकी करून ऐकायचा आणि नुसत्या आवाजावरून सांगायचा, "लागला." किंवा, "गेला. परत लाव." खेळात नदीकाठचं एक गाव होतं, त्याला वेढा पडलेला. वेढा घालणारी मी, गाव राखणारा दादा, कायमच. नकाशाच्या कडेने त्याला कुमक यायची असे, पण कधी, ते आधी कळत नसे. दोनच तुकड्या उरल्या तरी हा पठ्ठ्या शरण जायचा नाही. मी वैतागायचे. "थांब गं सुमे, मदत निघाली असेल." माझं लग्न ठरलं तेव्हा एक डाव अर्धा होता. तो त्याने कॅसेटवर भरून ठेवला. म्हणाला, माहेरपणाला आलीस की पुरा करू. मग संसार, नोकऱ्या, मुलं... राहून गेला.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या किडन्या गेल्या. माझी एक द्यायचं ठरलं होतं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाले, जुळत नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात मला रडू आवरेना, तर हाच मला म्हणतो, "तू जन्मभर वेढा घातलास, तुला मदतीला यायची सवय कुठाय?" दोघंही हसलो. मग त्याचं नाव प्रतीक्षायादीत लागलं. त्यानंतर कुणाचाही फोन वाजला की तो आधी मान तिरकी करायचा. कुमक आलीच नाही. लोक म्हणतात, सुटला बिचारा. मला त्या शब्दाचा राग येतो. त्याला सुटायचं नव्हतं.

परवा त्याच्या खोलीत गेले. कॉम्प्युटर कधीच बंद पडलाय, पण टेपरेकॉर्डर तो दर रविवारी पुसून ठेवायचा. त्या अर्ध्या डावाची कॅसेट मी लावली. खोलीभर तोच कर्कश आवाज. वहिनी दाराशी आली.

"ताई, हे बरोबर वाजतंय का?"

ते कळणारा एकच होता. त्या आवाजात दादाचं गाव अजून उभं आहे, वेढा माझाच आहे, आणि तो उठवणं माझ्या हातात नाही... टेप संपेपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो.