मामांची माणूसपारख

माणूस ओळखायच्या जेवढ्या म्हणून विद्या जगात असतील, तेवढ्या आमच्या मामांनी शिकून घेतल्या, आणि त्यातल्या एकजात सगळ्यांनी त्यांना दगा दिला. माझ्या आईचे हे सख्खे भाऊ, सोलापूरच्या कोर्टात कारकून. पण त्यांचं चित्त कागदात कधी नसायचंच, ते समोरच्या माणसात. वकिलांकडून त्यांनी उलटतपासणी उचलली, वैद्यांकडून नाडी, हायस्कुलातल्या एका मास्तरांकडून मानसशास्त्र म्हणून काहीतरी, आणि गड्ड्याच्या जत्रेतल्या बैलांच्या दलालाकडून चाल बघायची रीत. पाहुणा आला की पाणी द्यायच्या आधी त्याला अंगणातून चालवून बघायचे. आता पाहुण्याला काय सांगायचं, तुम्हीच सांगा! एकदा नाडी धरून त्यांनी जाहीर केलं की आमचा गवळी पापभीरू आहे. त्या दिवसापासून दुधातलं पाणी वाढलं. "पाणी घालताना त्याचं मन त्याला खातंय गं, ताई," मामा म्हणाले. "खाऊ दे की," आई म्हणाली, "पण तोवर पोरांनी पाणीच प्यायचं व्हय?"

वडील लवकर गेल्यामुळं माझं लग्न मामांच्या हाती, म्हणजे या सगळ्या विद्यांच्या हाती. वळसंगचं स्थळ आलं, ते मुलानं कडक भाकरी आमटीत भिजवून खाल्ली म्हणून परत गेलं. "भाकरीशी ज्याला दोन हात करवत नाहीत, तो संसार काय करणार?" पुढच्यानं तीच भाकरी मुठीनं फोडली, म्हणून तो तापट! आई अगदी रडकुंडीला आली होती, आणि मी तरी काय, रोज आरशात बघून वय मोजत होते.

मग एक कापडगिरणीतला मुलगा आला, मागखात्यातला. चालीत पास, नाडीत पास, भाकरीतही पास. राहिली उलटतपासणी. "विडी ओढता?" "न्हाय." "पत्ते?" "न्हाय." पण नजर कुठं? मामांच्या डोळ्यांत नाहीच, त्यांच्या मिशीखाली! खरं बोलणारा डोळ्यांत बघतो, हा मामांचा सगळ्यात पक्का सिद्धांत. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. ही नकाराची खूण आम्हाला पाठ होती. मी मामांच्या पाठीमागच्या अर्ध्या उघड्या दाराआड उभी. शेजारी माझी थोरली बहीण, अक्का. तिच्याकडे बघून मी आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हटलं, "गेलं बघ हेही. मला तर हा आवडला होता."

तिकडून तो म्हणाला, "मलाबी."

"काय मलाबी? कुणाशी बोलताय?" मामा ओरडले. तो कानापर्यंत लाल. म्हणाला, "मामा, मागांच्या खडखडाटात आमास्नी काय ऐकू येत न्हाय. ओठ बघूनच बोलायचं. ती सवयच लागलीया. तुमच्या डोळ्यांत बघत बसलो तर बोलणं निसटतंय की!"

मामा उठून उभेच राहिले. "अरे, ही तर नवीच विद्या!" लग्न तिथंच ठरलं. मला वाटतं, जावयापेक्षा गुरू मिळाल्याचा आनंद त्यांना जास्त झाला. दुसऱ्याच दिवशी मंडईत जाऊन ते भाजीवालीचे ओठ न्याहाळत बसले आणि तिनं तागडी उगारल्यावर धोतर सावरत घरी आले. "काय म्हणाली ती?" आईनं विचारलं. "ते ऐकूनच कळलं," मामा म्हणाले.

पुढं म्हातारपणी घशाचं दुखणं होऊन मामांचा आवाज पार गेला. तेव्हा हे त्यांच्या पलंगाशी बसायचे आणि त्यांचं बोलणं आम्हाला मोठ्यानं सांगायचे. पाणी हवंय. खिडकी लावा. डॉक्टर लबाड आहे, चालीवरून कळतं. एका दुपारी मामांचे ओठ हलले आणि हे हसले, पण हसता हसता थांबले. "काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतायत, जावईबापू, एकदा तरी डोळ्यांत बघा की."

मग ह्यांनी नजर वर उचलली आणि मामांच्या डोळ्यांत बघत राहिले. मामांचे ओठ त्यानंतरही बराच वेळ हलत होते. ते काय बोलले, ते आमच्यात कुणालाच कळलं नाही.