काढून ठेवलेला स्फटिक

माझी वहिनी हेमांगी भांडकुदळ आहे, असं आमच्या गावात सगळे म्हणतात. खरं आहे, आणि बरं आहे. तिच्या जागी गोडबोली कोणी असती, तर आम्ही आजही गप्प बसून आईचा खोकला ऐकत असतो.

वहिनी आगरदांड्याच्या कोळ्यांची. भाऊ तिला लग्न करून दिघीकडे, आमच्या भातशेतीच्या गावात घेऊन आला, तेव्हा माझ्या आईने, केसरने, कितीतरी दिवस तिच्या हातचं खाल्लं नव्हतं. वहिनी फिजिक्सची एमएस्सी. रोज फेरीबोटीने खाडी ओलांडून एका खासगी प्रयोगशाळेत जायची. माती, धूळ, बांधकामाचा माल यांवर क्ष-किरण सोडून त्यात काय काय आहे ते शोधायचं, हे तिचं काम.

आई विटांच्या कारखान्यात. तिथे जांभ्याची भुकटी आणि वाळू मिसळून विटा पाडतात. नाकाला पदर, डोक्यावर घमेलं आणि सदाचा खोकला. वाळूची बारीक धूळ, म्हणजे सिलिका, एकदा छातीत बसली की निघत नाही. कोणीतरी तक्रार केली, म्हणून मालकाने धूळ तपासायला वहिनीच्याच प्रयोगशाळेत पाठवली. वहिनी तेव्हा रजेवर होती. रिपोर्ट आला, सिलिका आढळली नाही. खाली सही प्रयोगशाळेच्या प्रमुखाची, पियूष सरांची.

तो रिपोर्ट ऐकून वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. यंत्रातला स्फटिक सरांनी काढून ड्रॉवरमध्ये टाकलाय, हे तिला ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी बोंबील साफ करता करता तिने मला समजावलं. नमुन्यावरून परतणाऱ्या किरणांतून हा ग्रॅफाइटचा स्फटिक हवे तेवढेच निवडतो. तो वाकवलेला असतो, म्हणून निवडलेले किरण एका बारीक फटीत एकवटतात. निवडताना उजेड घटतो आणि चाचणीला वेळ लागतो. तो वेळच सरांना नको होता. पण जांभ्यात लोखंड असतं, आणि या किरणांखाली ते स्वतःच उजळतं. स्फटिक नसला की तो सगळा कचरा उजेड आत शिरतो आणि वाळूची लहानशी खूण त्यात बुडून जाते.

"एलईडीवाल्या बोटी दिवे लावून बारीक-मोठं सगळं जाळ्यात ओढतात ना, तसलंच हे," ती म्हणाली. "उजेड ढीगभर, आणि नको तेच सगळं आत!"

पियूष सरांना हे कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. वहिनीने विचारलं, तर म्हणाले, "पुढच्या वेळी बघू." दुसऱ्याच्या आईची छाती, यांचं काय जातंय?

मग खंडेनवमी आली. प्रयोगशाळेत यंत्राला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार चढला. पेढे खाऊन सगळे घरी गेले. पुजलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नसतं. वहिनीने हार बाजूला केला, स्फटिक जागेवर बसवला, त्याचा कोन जुळवला आणि उरलेली धूळ पुन्हा तपासायला लावली. संध्याकाळच्या बोटीने परतली ती आलेख घेऊनच.

आईने आपलं घमेलं-फावडं पुजून तुळशीपाशी ठेवलं होतं. ती भडकली. "पुजलेली मशीन चालवलीस गो? देवाची काय भीती हाय का न्हाय?"

"आई, हे बघा." वहिनीने आलेखावरच्या टोकदार उंचवट्यावर बोट ठेवलं. "ही तुमच्या छातीतली वाळू."

आईने त्या रेघेवरून स्वतःचं बोट फिरवलं.

दसरा झाल्यावर वहिनीने आलेख सरांपुढे ठेवला. सुट्टीत परवानगीशिवाय केलेली चाचणी धरता येत नाही, म्हणाले. "धुळीला असते का सुट्टी?" वहिनीचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला म्हणे. सरांनी तिला घरी बसवलं.

त्याच सकाळी आईने तुळशीपासचं घमेलं उचललं नाही. मुकादम बोलवायला आला, तर म्हणाली, "पुजलेलं हाय. चालवायचं न्हाय."

"अवो, दसरा कधीच झाला!"

"आमचा न्हाय झाला."

आईकडून आलेखाचं ऐकून बाकीच्या बायकांनीही तेच केलं. दारोदारी फावडी तशीच, वरची फुलं वाळून गेली, आणि कारखान्यात वीट पडेना. शेवटी मालकानेच, धूळ पुन्हा तपासा म्हणून, सरांना फोन केला. वहिनीला परत बोलावलं. स्फटिक लावून, सगळ्यांसमोर चाचणी झाली.

नवा रिपोर्ट वहिनीने ओटीवर मोठ्याने वाचला. सिलिका आढळली. कारखान्यात पाणी मारायची, धूळ ओढायची यंत्रणा बसेपर्यंत काम बंद, हे मालकाला कबूल करावं लागलं. बायका आनंदाने ओरडल्या.

आईला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तिने विचारलं, "मंग आता ह्यो खोकला जाईल ना गो?"

जिच्या तोंडाला गाव भितो, ती माझी वहिनी नुसती कागदाची घडी घालत राहिली.