तक्त्यात न मावलेलं ओझं

पुण्यातलं चार दिवसांचं प्रशिक्षण शिबिर आटोपून मी लोणावळ्याला परतले, तेव्हा मला सगळं कळत होतं. धावपटूला ताकद कधी द्यायची, वेग कधी, विश्रांती कधी. बारा महिन्यांचं नियोजन पाच रंगांत मांडलेला तक्ता माझ्या पिशवीत होता. मळवलीजवळच्या एका शाळेत मी खेळाची शिक्षिका. शाळेला ना धावपट्टी, ना व्यायामाची वजनं. पण आता तक्ता होता. मुख्याध्यापकांनी तो कार्यालयात लावला आणि आल्या-गेल्याला अशा थाटात समजावून सांगू लागले, की त्यांना तो समजला असावा अशी मलाच शंका आली.

तक्त्याला खेळाडूही लागतो. तो भाजे गावाच्या वरच्या वाडीतून आला. दहावीतली एक काटक, अबोल मुलगी. चारशे मीटर पळायला लागली की बाकीच्या चालतायत असं वाटायचं.

जुलै म्हणजे तक्त्यात ताकदीचा महिना. मैदानावर घोटाभर पाणी. मग मी मुलींच्या खांद्यावर वाळूच्या पिशव्या देऊन व्हरांड्यात उठाबशा काढून घेतल्या. ही शिक्षाच आहे असं समजून पाचवी-सहावीचे वर्ग महिनाभर विलक्षण शिस्तीत वागले. शाळेला झालेला फायदा तेवढाच.

ऑक्टोबर वेगाचा. दर शनिवारी मी घड्याळ लावायची आणि ती मुलगी दर शनिवारी आणखी हळू पळायची. मी शास्त्रीय विचार केला : व्यायाम कमी पडतोय. दोन धावा वाढवल्या. ती आणखी मंदावली. मी पिशवीत वाळू वाढवली, वर सुनावलं, "तुझं मन नाही यात."

"व्हय बाई," ती म्हणाली.

एका सोमवारी ती पळता पळता मांडी धरून खाली बसली. तिला घरी सोडायला मी वाडीची चढण चढले. वाटेत डोक्यावर भाताचा भारा घेतलेली तिची आई भेटली.

"मांडी भरली आसंल तिची," ती म्हणाली. "रोज भारे खाली आनती ना."

"रोज? कधी?"

"साळंच्या आदी, आन् साळा सुटल्याव बी. कापनी हाय न्हवं!"

तरीही मी तिच्या आईला तक्ता समजावला. काय हुशार मी! तिनं शांतपणे ऐकून घेतलं, भारा खाली टेकवला.

"तुमच्या कागदात ह्ये वझं कुटं लिवलंय?"

कुठंच नव्हतं. मी भारा उचलून पाहिला. गुडघ्यापर्यंत आला. "ऱ्हाऊ द्या बाई," ती मायेनं म्हणाली. ते सगळ्यात जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक मुलीला घरची कामं विचारली आणि वहीत पेन्सिलीनं नवं नियोजन लिहिलं. वाळूच्या पिशव्या बागेत रिकाम्या केल्या. मांडी बरी होईपर्यंत त्या मुलीला पळायलाच दिलं नाही. नंतर कापणी संपेपर्यंत आठवड्यातून दोनदा थोड्या छोट्या धावा, बाकी झोप. मुख्याध्यापकांनी चौकशी केली, "सराव थांबला?" मी म्हटलं, "विश्रांतीचा सराव चालू आहे." त्यांना ते फार आधुनिक वाटलं.

कापणीनंतरच्या जिल्हा स्पर्धेत ती दुसरी आली. मुख्याध्यापकांनी भाषणात श्रेय तक्त्याला दिलं.

त्या दिवशी परतताना तिची माफी मागावी असं फार मनात होतं. पण शिक्षकाच्या तोंडात तो शब्द सहजी येत नाही. मी तिला वडापाव घेऊन दिला. तिनं तो चार घासांत संपवला आणि प्रथमच, मी काही न विचारता, स्वतःहून म्हणाली, "बाई, अजून एक."