तीन पाण्यांनी धुतलेली कालवं

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे नुसतं माझ्या अकलेचं प्रदर्शन आहे.

एमएस अर्धवट सोडून मी अमेरिकेतल्या श्रूजबरीत काकांच्या बेसमेंटमध्ये पडलो होतो. काका सगळ्यांना सांगायचे, "पुतण्याचा रिसर्च चालू आहे." कसला रिसर्च? वॉशिंग मशीनचा घरघराट ऐकत छताकडे बघायचा! सिटिझनशिप मिळून इतकी वर्षं झाली, तरी हा माणूस अजून 'लोक काय म्हणतील'च्या व्हिसावरच जगतोय.

मला तिथून पळायचं होतं. कुठेही! ऑक्टोबरात समुद्राकाठच्या एका गावात ऑयस्टर फेस्टिव्हल होता. ऑयस्टर म्हणजे आपली कालवं हो. इथे ती उघडून, लिंबू पिळून, कच्चीच घशात सोडतात. तिथल्या एका स्टॉलच्या मालकिणीने, बार्बने, मला फोनवर सांगितलं होतं, "दिवसभर नीट काम केलंस तर सीझनभर ठेवते. राहायला खोली देते."

खोली! माझी स्वतःची!

माझ्याकडे गाडी नाही, म्हणून काका-काकू सोडायला आले. काकू मालवणची. वाटेत म्हणाली, "कच्चं कसं रे खातात? न धुता?"

मी उसळलो. "काकू, तुमच्या पिढीला एक गोष्ट मोकळेपणी करता येत नाही!"

बार्बने शिंपले कसे उघडायचे ते दाखवलं, दोन ट्रे पुढे ठेवले आणि बर्फ आणायला गेली. मी उघडत सुटलो. बघतो तर काय, प्रत्येकात गढूळ पाणी! कुठे वाळू, कुठे कवचाची कपची. शी! म्हटलं, बार्बला दाखवू काम कसं करतात. मागे नळ होता. दोन्ही ट्रे तीन-तीन पाण्यांनी खळखळून धुतले. शेवटच्या पाण्यात लिंबू आणि मीठसुद्धा! मग स्टॉलवर होता तेवढ्या बर्फावर चकाचक मांडून रांगेला वाढायला लागलो.

पहिल्या दाढीवाल्याने तोंड वाकडं केलं. दुसरी बाई नॅपकिनमध्ये थुंकली. "याला चवच नाही!" अख्खी रांग ओरडायला लागली आणि बार्ब धावत आली.

"आतलं पाणी कुठे गेलं?"

"ओतून टाकलं," मी ऐटीत म्हणालो. "घाण होतं."

"अरे, त्या पाण्यातच तर सगळा समुद्र असतो!"

तेवढ्यात गर्दीतून काकू घुसली. तिने एक उचललं, वास घेतला, खाल्लं. मग दुसरं. मग तिसरं!

"बघा हो, किती स्वच्छ! तीन पाणी दिलंस ना? शेवटी संस्कार कुठे जातात!"

मला त्या बर्फात पुरा, असं झालं.

बार्बने माझ्या हातातली सुरी काढून घेतली. "धुतोस मात्र छान. मागे भांडी पडलीयेत."

संध्याकाळपर्यंत भांडी घासली. खोली दुसऱ्याला मिळाली. मी परत बेसमेंटमध्ये.

दिवाळीच्या पार्टीत काका कुणालातरी सांगत होते, "पुतण्या सध्या सीफूड हायजीनमध्ये आहे."

तो गृहस्थ माझ्याकडे वळला. "अरे वा! म्हणजे रिसर्चच ना?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी घसा खाकरला.

"हो. फील्डवर्क."