मामाचा नापास पिवळा

माझ्या मामाइतका हट्टी माणूस कर्जत-खालापुरात दुसरा कुणी दाखवला, तर मी त्याच्या घरी पाणी भरीन. रसायनीच्या एका रंगाच्या कारखान्यात मामाची सगळी नोकरी रंग तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्याने जलरंगात चित्रं काढायचं ठरवलं आणि मोहोपाड्याच्या घराचा कारखाना झाला. नवी ट्यूब आणली की कागदावर तिचा पट्टा ओढायचा, अर्धा पट्टा पुठ्ठ्याने झाकायचा आणि कागद मामीच्या साड्यांशेजारी दोरीवर उन्हात टांगायचा. महिन्याभराने पुठ्ठा काढून बघायचं. उघडा भाग जरा फिका दिसला की ट्यूब नापास. तयार हिरव्याला तो हातही लावत नसे. निळ्यात पिवळा मिसळून हिरवा आपणच करायचा, पण त्याच्या पसंतीचा पिवळा काही सापडेना. पाहुण्यांचे टॉवेल ओले राहत आणि चित्र मात्र एकही होत नसे. मी एकदा म्हटलं, "मामा, माझ्या लग्नात मुलीचीही एवढी चौकशी केली नव्हतीस." तो शांतपणे म्हणाला, "मुलगी उन्हात टांगायची नव्हती."

मामीला हवं होतं एकच चित्र, पोशीरच्या तिच्या माहेरच्या शेताचं. तिच्या भावांनी ते बंगल्यांसाठी विकलं होतं. हे शेवटचं पीक. कापणी झाली की कुंपण बसणार. मामाचं एकच पालुपद, "काढणार म्हणजे काढणारच! पण उडणाऱ्या रंगात तुझं शेत काढणार नाही."

नवरात्रात मामी पोशीरला जाऊन आली आणि दोरीवरचे पट्टे बाजूला सारत म्हणाली, "आवो, तुमचा रंग टिकंल, पन शेत पिवळं पडाय लागलं. आता कवा काढनार?"

दुसऱ्या दिवशी मीच दोघांना पोशीरला नेलं. नापास पिवळ्यांतला शेताशी जुळणारा एक मामाने बरोबर घेतला होता. तो बांधावर बसला, मामीने त्याच्यावर छत्री धरली आणि चित्र पुरं केल्याशिवाय तो जागचा हलला नाही. हिरव्यावर पिवळी झाक चढलेलं, पिकत आलेलं शेत हुबेहूब उतरलं.

आता तिथे बंगले आहेत. चित्र मोहोपाड्याच्या भिंतीवर आहे आणि मामाचं म्हणणं खरं ठरलंय. पिवळा अर्धामुर्धा उडाला आणि त्यातला निळा वर येऊन शेत हिरवंगार झालं. ऊन आलं की मामा अजून पुठ्ठा घेऊन धावतो आणि मला त्याच्याबद्दल फार माया वाटते. परवा मामीने त्याच्या हातातला पुठ्ठा काढून घेतला आणि मला म्हणाली, "सांग रं तुझ्या मामाला, झाकू नको म्हनावं. पिकल्यालं शेत परत कवळं झालंय."