अर्धा कप परदेश

दाजी गेल्याचा फोन आला, तेव्हा मी गंगापूर रोडवरच्या एका मोठ्या दुकानात उभा राहून कॉफीच्या पाकिटावरचं किमतीचं स्टिकर नखाने खरवडत होतो. किंमत रुपयांत होती आणि पाकीट ग्रीसहून आणलंय असं मला दाजींना सांगायचं होतं. निम्मं स्टिकर निघालं, निम्मं चिकटून बसलं, आणि तेवढ्यात ताईचा फोन. "अरे, हे गेले," एवढंच ती म्हणाली. मागे तिच्याकडचा पंखा ऐकू येत होता. मी म्हणालो, "ताई, मी निघालोच आहे." हे वाक्य मी आठ दिवस रोज फोनवर म्हणत होतो. त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा खरं झालं.

मी टूर मॅनेजर. गेली बावीस वर्षं मराठी माणसांना जग दाखवतो. म्हणजे विमानतळावर डोकी मोजतो, हरवलेल्या बॅगांमागे धावतो आणि व्हेनिसच्या पुलावर उभा राहून शेंगदाण्याची चटणी कुणाच्या पिशवीत राहिली याची चौकशी करतो. बरोबर आचारी असतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ आल्याचा चहा. मला स्वतःला कॉफी आवडतच नाही. इतके देश पालथे घातले, पण एकाही देशात मी कॉफीचा कप संपवलेला नाही. आणि नाशिक रोडच्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मात्र जगातल्या कॉफीचा सर्वांत मोठा जाणकार म्हणून माझी ख्याती होती!

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सटाण्याच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. खडू न उचलता फळ्यावर आख्खी आफ्रिका काढायचे, पण स्वतः नागपूरच्या पुढे कधी गेले नाहीत. आधी आई अंथरुणाला खिळलेली, ती गेल्यावर निवृत्तीची वाट, आणि अखेर पासपोर्ट हातात आला त्याच वर्षी दोन्ही किडन्यांनी हात टेकले. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, म्हणून दोघं सटाणा सोडून नाशिक रोडला राहायला आले. डॉक्टरांनी दिवसाचं पाणी बांधून दिलं होतं. ताई सकाळी एक बाटली भरून ठेवायची. गोळ्या, चहा, ताटातली आमटी, जे काही पातळ पोटात जाईल तेवढं पाणी त्या बाटलीतून कमी करायचं. कॉफी कधीतरी अर्धा कप चालेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

त्या सुमारास मी इटलीची टूर करून आलो आणि त्यांना भेटायला गेलो. मी चर्च, मनोरे, पुतळे सुरू केले तर त्यांनी हात वर केला. "मेहुणे, ते सगळं माझ्या पुस्तकात हाय. तिथली माणसं कॉफी कशी पितात ते सांगा. आमची कॉफी परीक्षेपुरती. कुठं पिकते ते लिहा, पाच गुण. ती पितं कोण, कसं, हे काय कुणी शिकवलं नाय." मग काय, मला रंगमंचच मिळाला! मी ताईच्या ओट्याचा काउंटर केला, कोपर टेकलं, बोटभर कॉफी उभ्या उभ्या दोन घोटांत संपवली अशी नक्कल केली, आणि जेवणानंतर दुधाची कॉफी मागणाऱ्या आमच्या टूरमधल्या जळगावच्या काकांकडे वेटरने कसं दयेने बघितलं तेही करून दाखवलं. दाजी हसून हसून खुर्चीतून उठले. धडपडत ओट्यापाशी आले, माझ्याशेजारी कोपर टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "करा एक. उभ्यानेच पितो."

तिथून ते सुरू झालं. प्रत्येक टूरनंतर एक पाकीट, एक किस्सा आणि दाजींचा अर्धा कप. तुर्कस्तानाची कॉफी गाळाची, पिऊन झाल्यावर कप बशीवर उपडा घालायचा आणि गाळाच्या नक्षीत भविष्य बघायचं. ताईने कपात डोकावून सांगितलं, "मला तर उद्याची दुधीची भाजी दिसतेय." व्हिएतनामची कॉफी पत्र्याच्या छोट्या गाळणीतून थेंब थेंब खालच्या घट्ट गोड दुधावर पडते. ती गाळणी मी खरंच आणली होती. दाजी पंधरा मिनिटं त्या थेंबांकडे बघत बसले. "ही लय आवडली बुवा," ते म्हणाले, "घाईच नाय तिला." एकदा मात्र माझी चूक झाली. फिनलंडचे लोक पातळ कॉफी मगाने पितात, सकाळी, दुपारी, दिवसातून पाच-सहा वेळा, असं मी भरात सांगून गेलो.  दाजींनी हळूच विचारलं, "आख्खा मग? प्रत्येक वेळी?" त्यानंतर मी फिनलंडचं नाव काढलं नाही. पुढचे माझे सगळे देश लहान कपांचे होते.

खरं सांगायचं तर पुढचे बरेचसे देश माझ्या डोक्यातलेच होते. बसमध्ये डोकी मोजणाऱ्या माणसाला कॉफी बघायला वेळ कुठे? पाकीट विमानतळावर घ्यायचं आणि किस्सा परतीच्या विमानात रचायचा. पोर्तुगालच्या टूरमध्ये तर पाच दिवस एका बाईंच्या हरवलेल्या कवळीमागे गेले. घरी येऊन दाजींसमोर बसलो तेव्हा सांगायला काहीच नव्हतं. मी खुशाल ठोकून दिलं, की पोर्तुगालात कॉफीचा शेवटचा घोट पीत नाहीत. कपात ठेवतात. ज्याच्याबरोबर प्यायलो तो माणूस पुन्हा यावा म्हणून! दाजींनी हातातल्या कपाकडे बघितलं. तळाशी घोटभर उरली होती. ती त्यांनी प्यायली नाही. पुढे दोन वर्षं, कॉफी कुठल्याही देशाची असो, ते शेवटचा घोट ठेवायचे, आणि मी निघताना कप उचलून मला दाखवायचे. माझी मात्र छाती फुगायची... काय कथा रचली आपण!

यंदा ग्रीसची टूर होती, आणि नेमकी तिथे मी एक गोष्ट खरोखर बघितली. आमची बस बिघडली म्हणून एका गावात दोन तास अडकलो होतो. समोर टपरीवजा हॉटेल, बाहेर चार म्हातारे, प्रत्येकापुढे एकेक लहान कप. दोन तासांत कुणी दुसरा मागवला नाही. एक घोट घ्यायचा, भांडायचं, हसायचं, पुन्हा अर्ध्या तासाने ओठ ओले करायचे. मला तिथेच दाजी आठवले. एका लहान कपावर आख्खी संध्याकाळ काढणारा देश! हे तर खास त्यांच्यासाठीच होतं. पण परतताना पाकीट घ्यायचं राहून गेलं. रिकाम्या हाताने गेलो तर किस्सा रंगणार नाही, असं मला वाटत राहिलं. आज घेऊ, उद्या घेऊ करत आठ दिवस गेले. नवव्या दिवशी सकाळी दाजींचाच फोन आला. त्यांना चेष्टेची लहर आली की ते अहिराणीत शिरायचे. "मेहुणा, कशी शे तठली कॉफी?" म्हणजे तिथली कॉफी कशी आहे. मी म्हणालो, "संध्याकाळी येऊन करून दाखवतो." आणि संध्याकाळी थेट नाशिक रोडला जायचं सोडून मी दुकानात अर्धा तास पाकिटं उलटसुलट करत बसलो...

चौदाव्या दिवशी, पाहुणे पांगल्यावर, ताई माझ्यासमोर येऊन बसली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तू येणार असलास ना, की ते सकाळच्या गोळ्या कोरड्याच गिळायचे. कॉफीचं पाणी बाटलीत राहायला हवं म्हणून. दुपारी ओठ सुकायचे. मी म्हणायची, प्या हो दोन घोट. तर म्हणायचे, नको, मेहुणा यायचाय. ते आठ दिवस रोज तसंच. सात वाजले की म्हणायचे, आज काय येत नाय तो, आणि मग ते राहिलेलं पाणी पिऊन घ्यायचे." तिने पदराने चष्मा पुसला. "शेवटच्या दिवशी चारलाच कसंतरी व्हायला लागलं त्यांना. म्हणाले, माझी आत्ताच कर, तो येईल तेव्हा त्याची करू. दवाखान्यात जाऊ म्हटलं, तर म्हणे त्याला येऊ दे."

ऐकवत नव्हतं. मी म्हणालो, "ताई, ते पोर्तुगालचं... तो शेवटचा घोट. ते खोटं होतं गं. मी रचलं होतं."

"माहीत होतं त्यांना," ताई म्हणाली. "डायलिसिसला शेजारच्या खाटेवर एक आजोबा असतात, त्यांची मुलगी तिकडेच राहते. यांनी फोनवर तिलाच विचारलं. ती म्हणाली, असलं काही नसतं इथे. मला घरी येऊन सांगितलं आणि हसले. म्हणाले, पोर्तुगालात नसंल, आपल्याकडे हाय असं समजू. त्याला बोलू नको काही. बिचारा लाजंल, मग यायचा नाय."

दिवसाला मोजून पाणी मिळणारा माणूस दोन वर्षं आपला एक घोट माझ्या थापेपायी कपात ठेवत होता... थाप आहे हे ठाऊक असून.

काल पुन्हा ताईकडे गेलो होतो. स्वयंपाकघरात सगळं जागच्या जागी आहे. पाण्याची बाटली पालथी घातलेली, व्हिएतनामची गाळणी खिळ्याला. फळीवर दाजींचा पांढरा कप आहे. ताईने त्या दिवसापासून तो धुतलेला नाही. तळाशी तो घोट वाळून त्याचं तपकिरी वर्तुळ झालंय. मी ते अर्धवट स्टिकरचं पाकीट फोडलं, अर्धा कप कॉफी केली आणि दाजींच्या खुर्चीत बसलो. ताईला ग्रीसच्या त्या चार म्हाताऱ्यांची गोष्ट सांगितली, काही पदरचं न घालता. सांगता सांगता कॉफी पीत गेलो. कडू होती. तळाशी घोटभर उरली, तेव्हा मी थांबलो.

ताईने माझा कप उचलला. सिंकपाशी गेली, नळाला हात लावला... आणि वळून तो तसाच नेऊन फळीवर दाजींच्या कपाशेजारी ठेवला.

"शनिवारी ये," ती म्हणाली. "आणि पाकीट आणू नकोस."